पॅनलला उजेड हवा, उष्मा नको

वसमत-कळमनुरीच्या शिवारात हळद काढून शिजवली की ती वाळवायला कडक ऊन लागतं. त्याच सवयीने छतावरच्या सौर पॅनलकडे पाहिलं तर फसगत होते, कारण त्याला हवा असतो उजेड. उष्णता त्याच्या मुळावरच येते. पॅनलमधला प्रत्येक घट म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्या एका थरात बोरॉन आणि दुसऱ्यात फॉस्फरस अत्यल्प प्रमाणात मिसळलेला असतो, त्यामुळे दोन्ही थरांच्या सीमेवर आपोआप विद्युतक्षेत्र तयार होतं. प्रकाशाने सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सुटा झाला की हे क्षेत्र त्याला एकाच दिशेने ढकलतं, आणि चकतीवरच्या चांदीच्या बारीक रेषा त्याला तारेपर्यंत पोचवतात. एका घटातून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून घटांची माळ करावी लागते. घट तापला की तो अर्धा व्होल्टही घसरतो. पॅनलवर छापलेली क्षमता मोजतात ती घट 25 अंशांवर असताना. मे महिन्यात हिंगोलीच्या स्लॅबवर तोच घट 60 अंशांच्या पुढे जातो आणि दहा-पंधरा टक्के वीज तिथेच बुडते. म्हणून पॅनल स्लॅबला न चिकटवता, खालून वारा खेळेल अशा सांगाड्यावर, दक्षिणेकडे सुमारे 20 अंश कलता बसवतात.

हे नुकसान धरूनही एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो. प्रश्न तो कधी देतो, हा आहे. भर दुपारी माणसं शेतात, शाळेत नाहीतर मोंढ्यात असतात. दिवे, टीव्ही आणि सगळ्या खोल्यांतले पंखे चालतात ते संध्याकाळनंतर. म्हणून ‘महावितरणपासून कायमची सुटका’ हा विक्रेत्यांचा दावा मला पटत नाही. या व्यवस्थेचा कणा नेट मीटर आहे. दुपारची जास्तीची वीज तारेत जाते, तिचे युनिट खात्यावर जमा होतात आणि रात्री ओढलेल्या युनिटांतून वजा होतात. वीज छतावर तयार होते खरी, पण घराच्या उपयोगी पडते ती खांबावरच्या तारेमुळेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: लाइट गेल्यावर सौर बंद पडत असेल, तर त्याचा उपयोग काय? बॅटरी नसलेला साधा संच बंद पडतो, हे खरंच आहे. इन्व्हर्टर मुद्दाम तसा केलेला असतो, नाहीतर तार जोडायला खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्याच छतावरची वीज झटका देईल. बॅटरी घेता येते, पण खर्च वाढतो आणि पॅनल पंचवीस वर्षं टिकला तरी ती मधेच बदलावी लागते. रोज तासन्‌तास लाइट जाणाऱ्या गावात मात्र तो खर्च चैनीचा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला 60,000 रुपये आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळतं. उरलेली रक्कम घरमालकाने घालायची. महिन्याला 100 युनिटांच्या पुढे वापर गेला की दर एकदम चढतो, त्यामुळे अडीचशे युनिट जाळणाऱ्या घराचे पैसे लवकर वसूल होतात. ज्या घरात एक पंखा, दोन दिवे आणि पत्र्याचं छत आहे, त्याचं बिल मुळातच थोडं; तिथे वाचणार किती? जोडणीआधी वर्षभराची बिलं समोर ठेवावीत. शेजारच्या लिंबाची सावली दुपारी कुठवर येते, तेही पाहावं. माळेतला एक घट झाकला गेला तरी त्याच्या बरोबरच्या घटांची वीज अडते.