गेसिर का थांबतो?

आइसलंडमध्ये हाउकादालूरला पोचलेले पर्यटक थेट स्ट्रोक्कूर या गरम पाण्याच्या कारंज्याकडे धावतात. साहजिकच आहे. दर सहा ते दहा मिनिटांनी तो वीसेक मीटर उसळतो. थोरला गेसिर हाकेच्या अंतरावर, पण त्याच्या काठाशी क्वचितच कुणी. वर्गात ज्याची आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढली, तो हा. मी तिथेच रेंगाळले. राखाडी-पांढरा सिलिकाचा काठ, पापुद्र्यावर पापुद्रा चढलेला. आत निळसर पाणी, वर वाफ.

कुंडाच्या मधोमध सुमारे वीस मीटर खोल नळी आहे. १८४६ साली रॉबर्ट बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यासह तिच्यात तापमापक सोडला. तळाचं पाणी १२० अंशांच्याही वर, तरी उकळत नव्हतं. वरच्या पाण्याचा दाब त्याला उकळू देत नव्हता. हे पाणी थोडं जरी वर सरकलं, तरी दाब उतरतो आणि त्याची एकदम वाफ होते. ती वरचं पाणी उडवते, दाब आणखी घटतो आणि बघता बघता सगळा स्तंभ आकाशात जातो.

मग तो का थांबतो? गरम पाणी खडकातली सिलिका विरघळवून आणतं आणि निवताना काठावर सोडतं, तांब्याच्या बंबात क्षार धरावा तसं. काठ चढतो, पाण्याची पातळी चढते, तळाला उकळी फुटणं अवघड होतं. शिवाय भूकंपांनी जमिनीखालच्या वाटा उघडतात, बुजतात. १८९६च्या भूकंपानं गेसिर जागा झाला आणि त्याच भूकंपानं स्ट्रोक्कूरची नळी बरीच वर्षं बुजली! १९१० साली गेसिर अर्ध्या तासाला उफाळत होता. १९१६पर्यंत जवळजवळ गप्प. १९३५ साली काठाला चर खणून पातळी उतरवली, तो पुन्हा उसळला. पुढे चरही सिलिकानं भरला. १९८१ साली तो मोकळा केला. पाहुण्यांसाठी तो उसळावा म्हणून कुंडात साबणही टाकत. ते बंद झालं, हे फार चांगलं झालं. जून २०००च्या भूकंपानंतर तो आपणहून जोमानं उफाळू लागला आणि काही वर्षांत पुन्हा मंदावला.

कोकणात उन्हवरे, तुरळ, राजापूरला गरम झरे आहेत, पण ते उफाळत नाहीत. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. खाली आज ताजा शिलारस नाही.

हाउकादालूरला गेलात, तर थोडा वेळ गेसिरपाशीही थांबा. दोरीच्या आत मात्र पाऊल टाकू नका, आणि पाण्यात नाणं टाकू नका.