मुंबईची खानावळ : बाहेर जेवण्याच्या रीतीचा एक उपेक्षित अध्याय

मुंबईत कोणत्या उपाहारगृहात कोणता पदार्थ चांगला मिळतो, हे सांगणाऱ्यांची आज वानवा नाही. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून, दूरचित्रवाणीवरून आणि आता तर हातातल्या मोबाइलवरूनही अशी वर्णने अव्याहत येत असतात. इराण्याचा ब्रून-मस्का, माटुंग्याची इडली, गिरगावातील मिसळ यांवर अहमहमिकेने लिहिले जाते. या सर्व लिखाणात एका जागेचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. ती जागा म्हणजे परळ-लालबागच्या चाळीतील एखादी लहानशी खोली. तिच्या दारावर पाटी नव्हती, आत मेज-खुर्ची नव्हती. तरीही अशा खोल्यांमधून मुंबईच्या कामगारांच्या कित्येक पिढ्या जेवल्या. मुंबईत बाहेर जेवण्याची रीत रुजली ती हौसेपोटी नव्हे, तर गरजेपोटी, हे या खोल्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानी येते.

पूर्वी आपल्याकडे घराबाहेर जेवणे ही आनंदाची बाब समजली जात नसे. प्रवासाला निघालेला मनुष्य बरोबर शिदोरी घेई, किंवा धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडून शिधा शिजवी. अन्न कोणी शिजविले आणि कोणाच्या पंक्तीला बसून खाल्ले, हा प्रश्न चवीपेक्षा किती तरी मोठा होता. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींना चहा देण्यात आला, तेव्हा एवढ्याशा गोष्टीवरून शहरात ग्रामण्य उभे राहिले आणि पुढे काहींना प्रायश्चित्तही घ्यावे लागले. चहाच्या एका पेल्याची ही कथा! अशा काळात परक्याच्या हातचे रोज दोन वेळा जेवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग मुंबईत निर्माण झाला होता, ही गोष्ट म्हणूनच साधी नाही.

गिरणी आणि खानावळ

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे ती सुरू झाली. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून हजारो पुरुष कामासाठी आले. बायका-मुले गावी शेतीवर राहिली. एकेका खोलीत दहा-पंधरा, कधी त्याहूनही अधिक माणसे पाळीपाळीने झोपत. अशा ठिकाणी स्वतंत्र चूल पेटविणे शक्यच नव्हते. ही अडचण दूर केली ती त्याच चाळीत संसार करणाऱ्या स्त्रियांनी. कोणाचा नवरा आजारी, कोणाचा नोकरीतून कमी झालेला, कोणी विधवा. तर पुष्कळशा अशा, की ज्यांच्या नवऱ्याच्या एकट्या पगारात घर चालत नसे.

खानावळवाल्या बाईचा दिवस पहाटे नळावर सुरू होई. गिरणीच्या पाळ्या तीन, म्हणून जेवणाच्याही पंगती तीन. पहिल्या पाळीच्या माणसाला भोंगा होण्यापूर्वी डबा हवा, तर रात्रपाळीचा मनुष्य सकाळी परतल्यावर जेवणार. घाटावरच्या माणसाला भाकरी आणि झणझणीत कालवण लागे, कोकणातल्याला भात आणि मासळी. पंधरा-वीस माणसांचे जेवण एका स्त्रीने, त्याच खोलीत मुलांना सांभाळून करावयाचे. माणूस एखाद्या वेळी जेवावयास आला नाही तर त्याचा 'खाडा' धरावयाचा आणि महिनाअखेर हिशेबातून वजा करावयाचा.

या व्यवहाराचा खरा कणा होता उधारी. कामगार पगाराच्या दिवशी पैसे देई. तोवरचा महिना बाईने वाण्याकडून उधार माल आणून काढावयाचा. उधारीचा माल महाग आणि बहुधा हलका. वाण्याने हात आखडला की सावकार. भांडी, दागिना गहाण पडे. म्हणजे वस्तुतः गिरणी कामगाराला महिनाभराचे कर्ज बिनव्याजी देणारी व्यक्ती ही खानावळवाली होती आणि त्याचे व्याज ती स्वतः भरीत होती. संप झाला की तर पगाराचा दिवसच येत नसे. तरी ताट वाढले जाई.

खानावळीने जातिभेद मोडला, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. जेवणारे बहुधा एकाच गावचे, एकाच मुलखाचे आणि पुष्कळदा एकाच जातीचे असत. हे काम काही अंशी घडले ते इराण्याच्या हॉटेलात. इराणमधील यझ्द परिसरातून आलेल्या या मंडळींनी नाक्यानाक्यावर चहाची दुकाने थाटली. धोबीतलावची कयानी १९०४ ची, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ ची. संगमरवरी मेजावर चहाच्या पैशांत कोणीही बसावे, शेजारी कोण आहे हे विचारू नये. स्त्रियांसाठी पडदा लावलेली 'फॅमिली रूम' तेथेच प्रथम अनेकांनी पाहिली. दक्षिणेकडून उडुपी मंडळी आली. माटुंग्याचे रामा नायक यांचे भोजनालय १९४२ चे. दादरला मामा काणे यांनी आपल्या उपाहारगृहाच्या नावातच 'स्वच्छ' हा शब्द घातला, यावरून त्या काळचे गिऱ्हाईक प्रथम कशाची खात्री करून घेई, हे समजून येते.

शहरात जे हळूहळू घडत होते ते खेड्यात आपोआप घडले नाही. दाराबाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपबशीचा उल्लेख मराठीतील दलित आत्मकथनांतून वारंवार येतो. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट केले. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेला असा मज्जाव शिक्षापात्र ठरला. १९७६ पासून हाच कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. गावच्या हॉटेलात बसून चहा पिणे हा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे, हे यातून कायद्याने सांगितले.

अन्नपूर्णा

खानावळवाल्या स्त्रियांकडे संघटित दृष्टीने प्रथम पाहिले ते प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामातून घडलेल्या या कार्यकर्त्या मुंबईत कामगार चळवळीत काम करीत होत्या. संपकऱ्यांना जेवू घालणाऱ्या या बायांची 'कामगार' म्हणून कोठेच गणना नाही, ही विसंगती त्यांनी हेरली आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. गहाण ठेवावयास काही नसलेल्या स्त्रियांनी गट करावेत, एकमेकींची हमी घ्यावी आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवावे, ही त्यांची योजना. रोखीने धान्य भरता येऊ लागल्यावर वाण्याचा फास सैल झाला. बचत गट हा शब्द घरोघरी पोहोचण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप पूर्वीच्या संपांसारखा मिटला नाही. महिने लोटले, कामगार गावी परतले. अनेक बायांची उधारी बुडाली आणि तिच्याबरोबर व्यवसायही. ज्यांना जमले त्यांनी कचेऱ्यांना डबे पुरविण्याचे काम पत्करले. संपाने कामगार देशोधडीला लागल्याचे पुष्कळ लिहिले गेले, परंतु त्यांच्या ताटाचा हिशेब ठेवणारी वही कोणी मागितली नाही.

गिरण्यांच्या जमिनींवर पुढे मॉल, कचेऱ्या व उंची उपाहारगृहे उभी राहिली. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना मध्यरात्रीनंतर आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा बाहेर पडण्याच्या वाटा, छताचे साहित्य आणि परवाने या रुक्ष वाटणाऱ्या बाबींकडे सर्वांचे लक्ष गेले. खाद्यपदार्थांच्या वर्णनात या बाबी सहसा येत नाहीत.

स्वस्त भोजनाचा प्रश्न शासनापुढेही वेळोवेळी आला. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली; २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली आणि करोनाच्या काळात तिचा दर पाच रुपयांवर आणण्यात आला.

खानावळ मात्र संपली नाही. ती गिरणगावातून निघून अन्यत्र गेली. पुण्याच्या पेठांत, लातूरच्या शिकवणी वर्गांच्या परिसरात, परीक्षेच्या तयारीसाठी मुले जमतात अशा प्रत्येक शहरात 'मेस' या नावाने ती चालू आहे. ती चालविणारी बहुधा घरातील स्त्रीच असते, पैसे महिन्याचे असतात आणि खाडाही धरला जातो. यांतील पुष्कळ स्त्रियांना हे ठाऊक नसते, की २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाखाली घरून चालणाऱ्या लहान व्यवसायालाही नोंदणी आवश्यक आहे. तिच्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. नोंदणी नसल्यास तपासणीच्या वेळी अडचण येते. हा अर्ज भरण्याच्या कामी ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक वा बचत गटाच्या कार्यकर्त्या त्यांना सहज मदत करू शकतील.