कोणती गिटार, कोणाची तालीम?

गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या घरांत गिटारचा जो प्रवेश झाला, त्याचे स्मरण करताना वादकांची नावे, ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांचीच उजळणी आपण बहुधा करतो. परंतु हे वाद्य कोणी, कोठे आणि कोणत्या हेतूने शिकवले, आणि शिकणाऱ्याने स्वतःची गरज ओळखून तालीम निवडली की जी हाताशी आली तीच पत्करली, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. मला तर या साऱ्या कालखंडाचे मर्म त्या प्रश्नातच दिसते. गिटार या एकाच नावाखाली निदान तीन-चार भिन्न विद्या नांदत आल्या आहेत, आणि त्यांपैकी एकीत पारंगत असलेला शिक्षक दुसरीच्या जिज्ञासूला, कितीही सद्भावनेने झाले तरी, भलत्याच मार्गाला लावतो.

स्वातंत्र्याच्या आगेमागे गिटार म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे हवाईयन गिटार उभी राही. मांडीवर आडवी ठेवलेली, उंचावलेल्या तारांवरून डाव्या हातातील पोलादी कांडी सरकवून वाजवायची ही पद्धत. हवाईयन कलावंत टाऊ मो यांचे चाळीसच्या दशकात कलकत्त्यात वास्तव्य होते, आणि तेथे तिची परंपरा विशेष जोमाने रुजली. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांनी हा नाद घरोघर पोहोचवला. कांडीला पडद्यांचा अडसर नसल्यामुळे मींड आणि गमक तिच्यावर सहज साधतात, म्हणून भारतीय कानाला ती तात्काळ आपली वाटली. अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडले, १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरी यांच्या पंक्तीला तिला बसवले, आणि पुढे तिचेच रूपांतर असलेल्या विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक लाभले. ज्याला रागसंगीत अभिप्रेत आहे त्याने याच घराण्याचा गुरू शोधावा, हे मी निःशंकपणे सांगेन. वर्षानुवर्षे उभ्या गिटारीच्या पडद्यांवर मींड धुंडाळत बसणे हा कालापव्यय आहे.

उभी, म्हणजे आपल्याकडे ‘स्पॅनिश’ म्हणून ओळखली जाणारी गिटार मुंबईत प्रामुख्याने गोमंतकीय वादकांच्या हस्ते शिकवली गेली. पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि सोल्फेजिओ यांचे जे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, त्याच शिदोरीवर अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा कारभार सांभाळला. या परंपरेतले शिक्षक कागदावरील टिपणावाचून बोट हलवू देत नसत. गिरगाव-दादरच्या सरगमीवर आणि गुरुमुखावर वाढलेल्या विद्यार्थ्याला हा दंडक जाचक वाटे, आणि कित्येकांनी पहिल्याच पुस्तकात वाद्य खुंटीला टांगले; पण ज्याला पुढे वाद्यवृंदात बसायचे होते त्याला याहून उत्तम तालीम त्या काळी मिळणे दुर्घट होते.

सत्तरच्या दशकाने मागणीच पालटली. ‘दम मारो दम’ आणि ‘चुरा लिया है’ यांतील गिटार ऐकून महाविद्यालयीन तरुण वर्गांच्या दारी गेले ते ती गाणी वाजवण्यासाठी. स्वरलिपीचे अगत्य त्यांना नव्हते. त्यानंतर ट्रिनिटी आणि असोसिएटेड बोर्ड या लंडनच्या संस्थांच्या श्रेणी-परीक्षांकडे पालकांचा ओढा वाढला. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका-विशारदची सवय असलेल्या मराठी घरांना पहिली ते आठवी हा सोपान परकीय वाटला नाही, आणि त्याने हाताला शिस्त लावली हे मान्य केलेच पाहिजे. मात्र या परीक्षांचा मूळ पाया अभिजात गिटारचा: नायलॉनच्या तारा, सुमारे ५२ मिलिमीटर रुंद मान, बोटांनी छेडणे. पोलादी तारांची, ४३ मिलिमीटरच्या आसपासच्या मानेची गिटार घेऊन त्या वर्गात बसलेला विद्यार्थी प्रारंभापासूनच विषम स्थितीत असे. ट्रिनिटीने २०१२ साली रॉक आणि पॉपसाठी स्वतंत्र परीक्षा काढल्या, तेव्हा ही विसंगती काही अंशी दूर झाली.

यूट्यूबच्या आगमनानंतर, आणि विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर, पाठ मुबलक झाले. तरीही चित्रफितीतला शिक्षक विद्यार्थ्याचे मनगट वाकडे आहे की नाही ते पाहत नाही, तारा पडद्यांपासून अवाजवी उंच असल्यामुळे आठ वर्षांच्या मुलाची बोटे सोलवटत आहेत हे त्याला कळत नाही, आणि त्या मुलाला पूर्ण मापाऐवजी अर्ध्या किंवा पाऊण मापाची गिटार हवी होती हेही कोणी सांगत नाही. निदान आरंभीचे काही महिने प्रत्यक्ष समोर बसणारा शिक्षक असावा, असा माझा आग्रह आहे.

या साऱ्या प्रवासात एक गरज मात्र सतत उपेक्षित राहिली, आणि ती बहुसंख्यांची आहे: घरात कोणी भावगीत म्हणत असता त्याला साथ करणे. गाणारा सांगतो ‘काळी चार’, आणि अनेक वर्गांतून तयार झालेला वादक गोंधळतो, कारण त्याला स्वराक्षरे शिकवली गेली, पेटीच्या पट्ट्या नव्हेत. वास्तविक पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून ‘जी’ची ठेवण धरली की काळी चार सिद्ध होते, काळी पाचला तोच कॅपो तिसऱ्या पडद्यावर न्यावा. चाल यमनाच्या अंगाची असेल तर तीव्र मध्यमाखाली ऋषभावरचा मेजर कॉर्ड बसतो, आणि शुद्ध मध्यमाचा कॉर्ड सवयीने वाजवणारा वादक गाणाऱ्याचा स्वर डळमळीत करतो. साथीसाठी शिकू इच्छिणाऱ्याने म्हणूनच फी आणि वेळापत्रक यांची चौकशी करण्यापूर्वी आपले एक आवडते भावगीत शिक्षकापुढे आपल्या पट्टीत म्हणावे आणि त्यांना साथ करण्याची विनंती करावी. ते पट्टी विचारतात की आपल्याला सोयीच्या पट्टीत गायला सांगतात, यावरून पुढच्या वर्षभराची कल्पना त्याला तेथेच येईल.