रंग पाहिलात, पोत पाहिलात का?

घर सजवायचं म्हटलं की पहिली चर्चा होते ती रंगाची. भिंती फिक्या पिवळ्या की आकाशी, पडदे फुलाफुलांचे की पट्ट्यापट्ट्यांचे, यावर घरात आठवडाभर खल चालतो. पण मैत्रिणींनो, साडी घेताना आपण नुसता रंग पाहतो का? दुकानदारानं घडी मोडली की आपला हात आधी पदरावर जातो. सूत जाड की बारीक, कापडाला खळ किती, हे बोटांना कळल्याशिवाय आपण 'बांधा' म्हणत नाही. रंग डोळ्यांना कळतो, पोत बोटांना. मग घर सजवतानाच ही बोटं गप्प का बसतात?

नायगावपासून विरारपर्यंत उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींतला एखादा ब्लॉक डोळ्यांपुढे आणा. जमिनीला चकचकीत टाइल्स, भिंतींना तकतकीत रंग, टीव्हीखालच्या कपाटाला सनमायका, टीपॉयला काच, खिडकीला अ‍ॅल्युमिनियम. प्रत्येक वस्तू नवी, पैसे मोजून आणलेली. तरीही खोली कशी कोरडी, परकी वाटते. वाटी पडली तर आवाज घुमतो आणि जमिनीकडे पाहावं तर तिच्यात ट्यूबलाइट दिसतो. कारण एकच, सगळंच गुळगुळीत! नुसता वरणभात, शिरा आणि खीर असं ताट वाढलं तर जेवणाराला पापड-कोशिंबिरीची आठवण होणारच. ताटातल्या त्या कुरकुरीतपणाचं काम घरात पोत करतो.

उजेड कुठून येतो?

खडबडीत पृष्ठभागावर उजेड पडला की प्रत्येक बारीक उंचवट्याची सावली पडते आणि नजर तिथे रेंगाळते. मात्र हा उजेड बाजूनं यायला हवा. पटत नसेल तर वसईच्या किल्ल्यात जाऊन पाहा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा किल्ला भर दुपारी नुसता करडा दिसतो. ऊन कललं की त्याच भिंतीतला दगड न् दगड उठून दिसू लागतो. भिंत तीच, फक्त उजेडाची दिशा बदलली.

घरातही हेच घडतं. भिंतीच्या मधोमध, वर लावलेली ट्यूब सगळ्या वस्तू सपाट करून टाकते. म्हणून नवीन काही आणण्याआधी कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर एक पिवळसर दिवा लावून पाहा. पडद्याची वीण, उशीच्या अभ्र्यावरचं भरतकाम, टोपलीचे पट्टे आपोआप बोलू लागतात. जाड पडदा आणि सतरंजी आवाजही शोषून घेतात, त्यामुळे टीव्हीचा आणि मुलांचा गोंगाट थोडा तरी कमी होतो.

वारली भिंतीचा धडा

पोताचं महत्त्व आपल्या पालघर जिल्ह्याला कोणी नव्यानं शिकवायला नको. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड भागातल्या वारली घरांच्या भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या, वर माती-शेणाचा लेप, त्यावर गेरूचा हात आणि तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं. लग्नाचा चौक सवाष्णींनीच लिहायचा, अशी रीत. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर, कापडावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. कापडावर चित्र काढतानाही त्याला शेणाचा किंवा गेरूचा हात देतात, तो उगीच नव्हे. ती रेघ जिवंत वाटते ती खालच्या खरखरीतपणामुळे. तेच चित्र छापील स्टिकर होऊन चकचकीत टाइलवर बसलं की निर्जीव होतं. वारली चित्र घ्यायचंच तर हातानं काढलेलं, जाड कापडावरचं एकच घ्या आणि भोवती भिंत मोकळी सोडा.

आधी ओल, मग पोत

आता पैशाची गोष्ट. बैठकीच्या एका भिंतीला टेक्श्चर पेंट करून घ्यायची हौस अनेकींना असते. दिसतो छानच. पण आपला भाग खाडीचा आणि समुद्राचा. पावसाळ्याचे चार महिने बाहेरून ओल येणाऱ्या भिंतीवर तुम्ही कितीही महागडा थर चढवा, आतलं पाणी त्याला मागून ढकलत राहतं. भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात आणि दिवाळीत केलेला खर्च पुढच्या गणपतीपर्यंत केरसुणीनं गोळा करावा लागतो.

म्हणून रंगाऱ्याला होकार देण्याआधी एक सोपी परीक्षा करा. प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा संशयित भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीत आहे. वरच्या बाजूला जमलं तर ती हवेतली. परीक्षा पावसाळ्यात केलीत तर उत्तर जास्त खरं मिळेल. भिंतीतच ओल असेल तर आधी बाहेरची भेग, गच्ची किंवा गळका पाइप दुरुस्त करून घ्या. भिंत पूर्ण वाळू द्या, मगच पुढचा विचार. तोवर त्या भिंतीला कपाटही टेकवू नका, मागे वारा खेळू द्या.

धूळ कोण पुसणार?

सजावटीच्या चित्रांत हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण उत्तर आपल्याला ठाऊक असतं! पहाटे डबे भरून विरार लोकल गाठणाऱ्या बाईनं रविवारी ब्रश घेऊन भिंतीच्या खाचा घासत बसायचं का? प्रत्येक खाचेत धूळ बसते आणि स्वयंपाकघरात तिच्यावर तेलाची वाफ. तेव्हा साधा नियम ठेवा. जिथे तेल, वाफ आणि मुलांचे हात, तिथे गुळगुळीत. ओट्यामागची भिंत, बटणांभोवतालची जागा, जेवणाचं टेबल पुसता येईल असंच हवं. पोत आणायचा तो काढून धुता येईल किंवा उन्हात झटकता येईल अशा वस्तूंतून. भिंतीवरचा पोत पुसायला शिडी लागते, अभ्रा मात्र बादलीत बुडवता येतो.

एका जागी मात्र खरखरीतपणाला पर्याय नाही. न्हाणीघर, गॅलरी आणि बेसिनपुढची जमीन. ओल्या चकचकीत टाइलवर सासूबाईंचा किंवा सासऱ्यांचा पाय सरकला तर एका हाडाच्या फ्रॅक्चरनं सगळं घर महिनोन् महिने अडकतं. इथे टाइल निवडताना दुकानातच ती ओली करा आणि वरून तळवा फिरवून पाहा. बाहेरच्या खोलीतलं पायपुसणं गुळगुळीत जमिनीवर घसरत असेल तर त्याखाली रबरी जाळी घाला.

थोडक्या खर्चात

खोली दहा बाय बाराची असेल तर रंग थोडे ठेवा आणि पोत बदला. पांढरट भिंत, बदामी रंगाचा जाड हातमागाचा पडदा, त्याच रंगाची खादीची अभ्रं, आणि खाली सतरंजी. रंग एकमेकांशी भांडत नाहीत, खोली मोठी वाटते आणि तरी एकसुरी होत नाही. एका खोलीत एक खरखरीत, एक मऊ आणि एक चकाकणारी वस्तू पुरे. बुरुडाकडची टोपली, जुन्या लुगड्यांची गोधडी आणि घासलेला पितळी तांब्या शेजारी ठेवून पाहा. खरखरीत टोपलीमुळे पितळ जास्त उजळ दिसतं आणि पितळामुळे गोधडीचे टाके. गोधडी कपाटात घडी करून ठेवण्यापेक्षा दिवाणावर अंथरा. सोलापुरी चादर, काथ्याचं पायपुसणं, मातीची कुंडी यांतलं बरंचसं घरातच सापडेल.

बांबू, ताग आणि लोकर यांना मात्र आपला पावसाळा सोसत नाही, बुरशी धरते. मे महिन्याच्या उन्हात त्या कडक वाळवून उचलून ठेवा आणि दसऱ्याला पुन्हा काढा. त्या निमित्तानं घर वर्षातून दोनदा नवं दिसतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांना जुलै २०१८ चं पाणी विसरता येणार नाही. सखल भागात घर असेल तर पावसाळ्यात जमीन उघडीच ठेवा, पोत दिवाणावर आणि खिडकीला असू द्या.

येत्या रविवारी एक करा. बाजारात जाण्याआधी घरातल्या घरात फिरा आणि प्रत्येक वस्तूवरून हात फिरवा. सलग दहा ठिकाणी तळव्याला एकच गुळगुळीत स्पर्श लागला तर तुमच्या घराला रंगाऱ्याची नव्हे, गोधडीची गरज आहे. वाचलेल्या पैशांतून गच्चीची गळती काढून घ्या, ती सजावट जास्त वर्षं टिकेल.