विश्लेषण : रमाबाई नगरची गोष्ट सांगायला १४ वर्षे का लागली?

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला. त्यावरचा आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट मात्र पूर्ण झाला २०११मध्ये. इतका वेळ कशासाठी लागला?

सुरुवात कुठून?

डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे त्या सकाळी दिसले आणि रहिवासी रस्त्यावर उतरले. गोळीबारानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडमधील झोपडीत आत्महत्या केली. पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या झोपडीवासीयांवरील माहितीपटात घोगरे गायले होते. डाव्या चळवळीतला हा शाहीर जाताना डोक्याला निळे कापड का बांधतो, या प्रश्नामागे कॅमेरा निघाला.

थांबून काय मिळाले?

जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा दावा होता. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप झाली ती थेट २००९मध्ये. बातम्यांचे कॅमेरे एवढे थांबत नाहीत. शिवाय वस्तीची आठवण फाइलींपेक्षा भीमगीतांत जास्त असते. ती ऐकायची तर जयंतीला, जलशाला पुन:पुन्हा जावे लागते. तीन तासांहून मोठ्या या माहितीपटाचा कणाच गाणी आहेत.

याला लोकसहभाग म्हणायचे का?

काटेकोरपणे पाहिले तर पूर्ण नाही. कॅनडातील फोगो बेटावर १९६७मध्ये झालेल्या प्रयोगात चित्रण आधी बेटवासीयांनाच दाखवले जाई आणि त्यांची संमती घेतली जाई. इथे कॅमेरा आणि संकलन दिग्दर्शकाकडेच राहिले. पण माहितीपट परत गेला तो वस्तीत : जानेवारी २०१२मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत त्याचा खेळ झाला.

जोखीम कुणाची?

खरा पेच इथे आहे. दिग्दर्शकाला पुरस्कार मिळतात, पडद्यावरच्या माणसाला त्याच गल्लीत राहायचे असते. माहितीपटात गाणाऱ्या पुण्याच्या कबीर कला मंचाच्या कलावंतांवर माओवादी संबंधांचा आरोप झाला, २०११मध्ये अटकसत्र सुरू झाले आणि काही जण भूमिगत झाले. त्यांच्या बचावासाठी समिती उभी राहिली, तीत पटवर्धनही होते. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनाबाहेर पोलिसांच्या स्वाधीन झाले. गर्भवती असलेल्या साठे यांना त्याच वर्षी जामीन मिळाला. माळी यांना सर्वोच्च न्यायालयाने तो दिला जानेवारी २०१७मध्ये.