पद्मिनीच्या दारातील काच : रचना, उतरवणी आणि जतन

फियाट कंपनीने 1953 साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या ‘1100/103’ या मोटारीच्या वंशातली ‘1100 डिलाइट’ 1964 पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा हा कारखाना होता, आणि फियाटशी असलेला करार संपल्यानंतर तीच मोटार प्रथम ‘प्रेसिडेंट’ व 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने रस्त्यावर आली. मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप तिने अनेक दशके सांभाळले. ऑक्टोबर 2023 अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे सेवेतून गेली. आता या मोटारी मुख्यतः हौशी मालकांच्या हाती उरल्या आहेत. त्यांच्या जीर्णोद्धारात इंजिन, रंग आणि क्रोम यांवर भरपूर खर्च होतो, परंतु दाराच्या आतील भागांकडे बहुधा दुर्लक्ष होते, आणि नव्याने रंगवलेले दार काही पावसाळ्यांतच खालच्या कडेने फुगू लागते, त्याचे मूळ या दुर्लक्षातच असते.

हे समजण्यासाठी दाराची रचना आधी पाहिली पाहिजे. दार बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे मिळून बनते. बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेली असते आणि मधल्या पोकळीत काच उतरते. काच जिथून खाली जाते त्या फटीला दोन्ही बाजूंनी रबराची किंवा फेल्टची पट्टी असते, जिला गॅरेजमध्ये ‘बिडिंग’ म्हणतात. ही पट्टी काच पुसून काढते, पण सगळे पाणी अडवत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नसते. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्यापैकी काही भाग दारात शिरणार हे धरूनच रचनाकारांनी तळाशी निचऱ्याची छिद्रे ठेवली आणि आतल्या पत्र्यावर ओल अडवणारा जाड कागद लावला. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुंबईत ही छिद्रे धुळीने व कुजलेल्या फेल्टने बुजली, की पाणी दुमडलेल्या कडेत साचते आणि पत्रा आतून गंजत जातो.

पुढच्या दारात मोठ्या काचेच्या पुढे एक छोटी त्रिकोणी काच असते, जी उभ्या आसाभोवती फिरते. वातानुकूलन नसलेल्या काळात ती वायुवीजनाचे साधन होती : थोडी उघडली तर वाहत्या हवेमुळे तिच्या कडेशी दाब घटून आतली हवा बाहेर ओढली जाते, आणि अधिक फिरवली तर बाहेरचा वारा थेट आत येतो. या त्रिकोणी काचेच्या चौकटीचा मागचा उभा खांब मोठ्या काचेचा पुढचा मार्गही असतो, त्यामुळे एका काचेचे काम दुसरीला स्पर्श न करता क्वचितच पूर्ण होते.

उतरवणीचा क्रम या रचनेतूनच ठरतो. प्रथम काच फिरवण्याचे हँडल निघते. जुन्या मोटारींत ते दांड्यावर स्प्रिंगच्या क्लिपने किंवा आडव्या पिनेने अडकवलेले असते, म्हणून मागची चकती दाबून ती क्लिप किंवा पिन आधी बाहेर काढावी लागते, आणि येथे केलेली घाई दांड्याचे दाते झिजवते. त्यानंतर डोअर पॅड, म्हणजे रेक्झिन चढवलेला हार्डबोर्ड, प्रत्येक क्लिपच्या अगदी जवळ रुंद पाते घालून सोडवावा. ओल धरलेला हार्डबोर्ड दूरवरून ओढल्यास क्लिपभोवती फाटतो. ओलीचा कागद फाडून न टाकता जपून सोडवावा, कारण नवा कागद कापण्यासाठी तोच साचा ठरतो.

काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला बाजारात ‘ग्लास मशीन’ म्हणतात. तिचे दोन प्रकार प्रचलित होते : एकात दातेरी कमानीला जोडलेला हात काच उचलतो, तर दुसऱ्यात ढोलावर गुंडाळलेली तार कप्प्यांवरून फिरून ती ओढते. दोन्हींत काचेची खालची कड रबराच्या पट्टीसह पोलादी चॅनेलमध्ये घट्ट बसवलेली असते आणि हे चॅनेल यंत्रणेला जोडलेले असते. काच सोडवण्यापूर्वी तिला लाकडी पाचरीचा आधार द्यावा, कारण यंत्रणेपासून सुटलेली काच थेट तळावर आदळते. मग त्रिकोणी काचेची चौकट मोकळी करून मोठी काच तिरपी करत वर काढावी. बाजूच्या काचा उष्णतेने कडक केलेल्या, म्हणजे ‘टफन’ असतील, तर त्यांची कड नंतर कापता किंवा घासता येत नाही; तसा प्रयत्न झाला तर संपूर्ण काचेचे बारीक तुकडे होतात. चॅनेल काचेच्या कडेपासून किती अंतरावर आहे याची नोंद काढण्याआधीच करणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

रिकामे झालेले दार ही दुरुस्तीची खरी संधी असते. निचऱ्याची छिद्रे मोकळी करणे, गंज खरवडून गंजरोधक थर देणे आणि दुमडलेल्या कडेत पातळ मेण झिरपू देणे ही कामे काच बसवल्यावर नीट करता येत नाहीत. यंत्रणेच्या दात्यांना आणि सांध्यांना ग्रीस लावावे, मात्र फेल्ट व रबर त्यापासून दूर ठेवावेत, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि चिकट झालेले फेल्ट धूळ धरून काचेवर ओरखडे पाडते. बसवताना सर्व बोल्ट आधी सैल ठेवून काच पूर्ण वर न्यावी, ती वरच्या खाचेत सरळ बसल्याची खात्री करावी आणि मगच बोल्ट आवळावेत. सुरुवातीलाच आवळलेले चॅनेल काचेला तिरपे ओढते आणि हँडल जड होण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. शेवटी ओलीच्या कागदाची खालची कड दाराच्या पोकळीत वळवावी, म्हणजे त्यावरून ओघळणारे पाणी पॅडकडे न येता छिद्रांकडे जाईल.

हे ज्ञान आज मुख्यतः जुन्या कारागिरांच्या हातात आहे, आणि टॅक्सी रस्त्यावरून गेल्यामुळे त्यांच्याकडे येणारे काम वेगाने आटते आहे. चोर बाजारात आणि कुर्ल्यात सुटे भाग मिळतात तोवर ते साठवण्याची धडपड समजण्यासारखी आहे. परंतु फेल्टची जाडी, बिडिंगचा छेद, चॅनेलचे अंतर आणि ओलीच्या कागदाचा आकार यांची मापे व आकृत्या मालकांच्या संघटनांनी आताच नोंदवून ठेवल्या, तर सुटे भाग संपल्यावरही ते नव्याने घडवता येतील. पद्मिनीचे जतन खऱ्या अर्थाने झाले की नाही, हे तिच्या रंगाच्या चकाकीवरून ठरवू नये. दारात शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट मोकळी आहे का, हे पाहून ते ठरवावे.