एमएच ११ चा हॅश

साताऱ्याची गाडी एमएच ११, सांगलीची एमएच १०. फरक एका आकड्याचा. पण गाडीचा नंबर एसएचए-२५६ या हॅश फंक्शनमधून, म्हणजे कुठल्याही मजकुराचा २५६ बिटांचा ठसा (हॅश) बनवणाऱ्या सूत्रातून काढला, मग ११ च्या जागी १० घालून पुन्हा काढला, तर हाती येणाऱ्या दोन हॅशांत कसलंच नातं दिसत नाही. २५६ पैकी साधारण निम्मे बिट बदललेले! असे किती वेगवेगळे हॅश होऊ शकतात? ती संख्या ७८ आकडी आहे. आणि हॅशवरून उलट मूळ नंबरापर्यंत नेणारी वाट आजवर कुणालाच सापडलेली नाही.

म्हणून नीट बांधलेल्या वेबसाइटकडे तुमचा पासवर्ड नसतोच, नुसता हॅश असतो. तुम्ही लॉगिन करता तेव्हा टाइप केलेल्या पासवर्डचा ती नव्याने हॅश काढते आणि जुन्याशी ताडून बघते. तुमचं गुपित जवळ नसताना ती तुम्हाला ओळखते! मला याचं नवल अजून वाटतं.

हे हॅश चोरणाऱ्या चोराला मागे जाता येत नाही, मग तो अंदाज लावत सुटतो. बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये ३,२८९ पासवर्डांचा अभ्यास छापला. त्यातले ८६ टक्के सहज सापडण्याजोगे निघाले. चोर काय काय ताडून बघेल याची यादीही त्यांनी दिली: शब्दकोश, माणसांची नावं, गावांची नावं, आणि चक्क राज्यातले सगळे वाहन क्रमांक. न्यू जर्सी राज्याचे नंबर संपवायला तेव्हा सुमारे पाच तास लागत.

आपल्याकडे एमएच ११ नंतर दोन अक्षरं, चार आकडे. म्हणजे जास्तीत जास्त ६७ लाख ६० हजार नंबर. आजचं चांगलं ग्राफिक्स कार्ड एसएचए-२५६ सेकंदाला अब्जावधी वेळा काढतं. अख्खं एमएच ११ पापणी लवायच्या आत संपलं!

यावरचा उपाय मला फार आवडतो: हॅश काढणंच मुद्दाम संथ करायचं. जँगो हे वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क त्यासाठी एकाच पासवर्डवर फेऱ्यांमागून फेऱ्या घालतं. २०१२ च्या १.४ आवृत्तीत १० हजार, २०२५ च्या ५.२ मध्ये १० लाख. लाराव्हेल हे दुसरं फ्रेमवर्क बीक्रिप्ट ही हॅश पद्धत वापरतं, त्यात कॉस्ट हा आकडा एकाने वाढवला की काम दुप्पट. एका अंदाजाला पाव सेकंद लागला, तर तेच ६७ लाख नंबर एकेक करून तपासायला साडेएकोणीस दिवस. चोर भारी यंत्रं लावून ते कमी करेल, पण पापणी लवण्याइतके नक्कीच नाही.

शिवाय प्रत्येकाच्या पासवर्डात एक वेगळा सॉल्ट, म्हणजे यादृच्छिक मजकूर, मिसळतात. तो हॅशशेजारी उघडाच ठेवलेला असतो, तरी चालतं. कराडच्या दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश निराळे येतात, आणि चोराला प्रत्येक माणसासाठी यादी पहिल्यापासून चालवावी लागते.

फेऱ्या वाढवल्या की जुन्या हॅशांचं काय? जँगो वाट बघतं. तुम्ही पुढच्या वेळी लॉगिन केलंत की पासवर्ड क्षणभर त्याच्या हाती येतो. तेवढ्यात ते नव्या फेऱ्यांचा हॅश काढून जुना बदलून टाकतं.